सीएसआरचा विषय ठरवण्याआधी मस्टरबाहेरची माणसं मोजा

मार्चचा दुसरा आठवडा उजाडला की अनेक कंपन्यांमध्ये धावपळ सुरू होते. लेखा विभाग कळवतो की सीएसआरचे, म्हणजे कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्वाचे, इतके लाख अजून खर्ची पडायचे आहेत. मग एचआरमधलं कोणीतरी ओळखीच्या संस्थेला फोन करतं, ‘महिनाभरात संपेल असं काही काम आहे का तुमच्याकडे?’ शाळेला बाकं मिळतात, दवाखान्याला यंत्र मिळतं, फोटो निघतात. बाकांची शाळेला गरज असतेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण आपल्या कंपनीच्या रोजच्या कामामुळे कोणाचं काय बिघडतं, आणि त्यातलं कशाकडे आधी पाहायला हवं, हे या सगळ्यात कोणी विचारलेलंच नसतं.

ज्यांना हे विचारायचं आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. एमआयडीसीतल्या मध्यम कारखान्यांचे मालक, सीएसआर समितीचे सदस्य, एचआर आणि खरेदी विभागातले अधिकारी, आणि कंपन्यांकडे प्रस्ताव घेऊन जाणारे संस्थांचे कार्यकर्तेही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कंपनीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा सामाजिक विषय बहुतेक वेळा तिच्या स्वतःच्या धंद्यातच असतो. तो बहुतेक वेळा अशा माणसांशी निगडित असतो ज्यांची नावं कंपनीच्या मस्टरवर नसतात. आणि त्यावरचा खर्च पुष्कळदा सीएसआरच्या दोन टक्क्यांतून करताच येत नाही. म्हणूनच तो विषय बैठकीच्या टेबलापर्यंत पोचत नाही.

कायद्याचं आधी पाहू, कारण गल्लत तिथूनच सुरू होते. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीचं नेटवर्थ ५०० कोटी किंवा त्याहून जास्त, उलाढाल १००० कोटी किंवा त्याहून जास्त, अथवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. कोणत्या कामावर, ते कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. भूक, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, वारसा, खेळ, ग्रामविकास... यादी इतकी ऐसपैस आहे की जवळपास कुठलंही भलं काम तीत बसतं. त्यामुळे परिशिष्ट वाचून काय चालेल ते कळतं, आपल्यासाठी काय महत्त्वाचं ते कळत नाही.

२०२१ च्या सुधारित नियमांनी काही खर्च सीएसआरमधून स्पष्ट वगळले. कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेली कामं, केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याची कामं, आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेली प्रायोजकत्वं, राजकीय पक्षांना दिलेल्या देणग्या आणि कोणत्याही कायद्याने आधीच बंधनकारक असलेली कामं. हे वगळणं योग्यच आहे. सांडपाणी शुद्ध करून सोडणं हे रासायनिक कारखान्याचं कर्तव्य. ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या, दुरुस्तीला समाजसेवा कसं म्हणणार? पण समितीत उलटंच घडतं. ‘ईटीपी सीएसआरमध्ये धरता येत नाही’ एवढं कळलं की सांडपाण्याचा विषयच चर्चेतून जातो आणि वृक्षारोपण वर येतं. ओढ्याकाठच्या शेतकऱ्याची विहीर मात्र तशीच राहते.

तेव्हा पहिली सूचना अशी, की यादी करताना पैशाच्या थैल्या विसरा. विषय आधी लिहा, तो कुठल्या खात्यातून करायचा ते शेवटी ठरवा.

यादी मालाच्या मागोमाग जाऊन करा

परिषदांमधून उचललेल्या विषयांची यादी समोर ठेवून खुणा करत बसण्यापेक्षा आपला माल जिथून येतो तिथून तो जिथे टाकला जातो तिथवर त्याच्या मागोमाग जा. शीतपेयाची एक बाटली घ्या. तिच्यात पाणी आहे, साखर आहे. बाटली प्लास्टिकची आहे. ती ट्रकने दुकानात जाते. पिणाऱ्याच्या पोटात साखर जाते आणि बाटली गटारात. या प्रत्येक टप्प्यावर कोणी ना कोणी माणूस उभा आहे.

पाण्याचं काय होतं ते केरळातल्या प्लाचिमडाने दाखवलं. पालक्काड जिल्ह्यातल्या पेरुमाट्टी पंचायतीच्या हद्दीत कोका-कोलाचा कारखाना २००० साली सुरू झाला. विहिरींचं पाणी आटलं, उरलेलं पिण्याजोगं राहिलं नाही, अशी आसपासच्या वस्त्यांची तक्रार होती. एप्रिल २००२ मध्ये आंदोलन सुरू झालं. मयिलम्मा ही आदिवासी बाई त्याच्या पुढे होती. पुढे पंचायतीने परवान्याचं नूतनीकरण नाकारलं आणि मार्च २००४ मध्ये कारखाना बंद पडला. राज्य सरकारने नेमलेल्या समितीने २०१० साली नुकसान २१६ कोटींच्या वर असल्याचं सांगितलं. कंपनीने ती जबाबदारी मान्य केली नाही. २००७ मध्ये मात्र तिने जगभरासाठी उद्दिष्ट जाहीर केलं: आपल्या पेयांत जितकं पाणी जातं तितकं निसर्गाला आणि समाजाला परत देऊ. ते मुदतीआधी गाठल्याचंही पुढे सांगितलं. हे उद्दिष्ट लहान नाही. पण आपल्या समितीने त्यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाण्याचा हिशेब गावाच्या विहिरीपाशी करावा लागतो. एका राज्यात बांधलेल्या बंधाऱ्याने दुसऱ्या राज्यातली विहीर भरत नाही, मग अहवालातली बेरीज कितीही जुळो.

त्याच बाटलीतली साखर आपल्याला महाराष्ट्रात आणते. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी महाराष्ट्रातल्या ऊसतोड कामगारांची स्थिती आणि त्या साखरेच्या मोठ्या शीतपेय कंपन्या असलेल्या गिऱ्हाइकांविषयी सविस्तर लिहिलं. बीडमधल्या कार्यकर्त्यांना त्यात नवं काही नव्हतं. दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिव, जालना, पाथर्डी या भागांतून टोळ्या निघतात आणि सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे, थेट कर्नाटकापर्यंत जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादम हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि ती टनाच्या दराने फेडायची असते. एक दिवस कामाला गेलं नाही तर खाडा पडतो, तो कापून घेतला जातो. फडाशेजारी कोपीत राहायचं. संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही, रात्री-बेरात्री ट्रक आला की मोळ्या डोक्यावर घेऊन तो भरायचा. पाळीच्या दिवसांत किंवा अंगावरून जात असताना बाईने सुट्टी घेतली तरी खाडा चुकत नाही.

२०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने नेमलेल्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणाचे आकडे आले. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे शंभरातल्या जवळजवळ सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत देशाचं हे प्रमाण ३.२ टक्के होतं.

आता साखर कारखान्याच्या समितीची बैठक डोळ्यांसमोर आणा. सहकारी कारखाना सहकारी संस्थांच्या कायद्याखाली नोंदलेला असतो, त्याला कलम १३५ लागूच होत नाही. खासगी कारखाना कंपनी असतो, तो कलमाच्या मर्यादेत बसला तर त्याला लागू होतं. पण दोन्हीकडे ऊस तोडणारी बाई मस्टरवर नसते. तिचा व्यवहार मुकादमाशी, मुकादमाचा वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा कारखान्याशी. ‘आमचे कामगार’ म्हणून जी यादी एचआर समितीपुढे ठेवतं तीत ती सापडणार नाही. समिती प्रामाणिक असली, तिचे सदस्य भले असले, तरी यादीच चुकीची असल्यामुळे निर्णय चुकतो.

म्हणून दुसरी सूचना. मस्टरच्या शेजारी आणखी एक कागद ठेवा: लेबर कॉन्ट्रॅक्टरची माणसं, मुकादमाच्या टोळ्या, माल भरणारे हमाल, ट्रकचालक, सुटे भाग करून देणारे छोटे वर्कशॉप, भंगार उचलणारे, कुंपणापलीकडची वस्ती. प्रत्येक गटापुढे अंदाजे माणसं किती ते लिहा. ज्या गटापुढे आकडा लिहिता येत नाही तिथे आधी जा.

तोलायचं कसं

यादी झाली की वीस-पंचवीस विषय होतात आणि सगळेच महत्त्वाचे वाटतात. इथे ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह म्हणजे जीआरआयच्या मानकांतले निकष उपयोगी पडतात. जगभरच्या अनेक कंपन्या आपले सामाजिक अहवाल याच मानकांवर लिहितात. विचारायचं ते साधं आहे. इजा किती गंभीर आहे? किती जणांना होते? झालेलं नुकसान भरून काढता येतं का? आणि ती होण्याची शक्यता किती? माणसाच्या मूलभूत हक्कांचा प्रश्न असेल तिथे शक्यता कमी असली तरी गांभीर्याला वरचा मान द्यायचा, हेही त्या मानकांत आहे आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

यातला तिसरा प्रश्न बैठकांत सर्वांत कमी विचारला जातो, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबू. चाकण, भोसरी किंवा मानेसरच्या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या लहान वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेस चालतात. पत्र्याचा तुकडा हाताने डायवर ठेवायचा, प्रेस खाली येतो, तुकडा काढायचा, पुढचा ठेवायचा. प्रेसला सेन्सर असेल तर हात आत असताना तो थांबतो. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस चालूच होणार नाही, अशीही सोय असते. पण सेन्सर बिघडला, किंवा त्याने उत्पादन मंदावतं म्हणून कोणी तो बंद करून ठेवला, की बोटं जातात. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था हरियाणा आणि महाराष्ट्रातल्या अशा जखमी कामगारांसोबत काम करते. वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीतल्या अपघातांवर ती वर्षानुवर्षं अहवाल काढत आली आहे.

गाडीवर नाव ज्या कंपनीचं असतं तिच्या असेंब्ली लाइनवर बहुधा असं होत नाही. होतं ते दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या पुरवठादाराकडे. आता तोला. संख्या शाळेतल्या मुलांपेक्षा कमी. शक्यता रोजची नाही. पण पंचविशीतल्या पोराच्या उजव्या हाताची दोन बोटं परत येत नाहीत, आणि त्या हाताला पुन्हा तसं काम मिळत नाही. भरून न येणाऱ्या इजेला मी संख्येच्या आधी जागा देईन. बीडच्या बायकांच्या शस्त्रक्रियेलाही हीच कसोटी लावा.

या चार प्रश्नांशिवाय एक उलट प्रश्नही आहे: या विषयाचा कंपनीच्या धंद्यावर काय परिणाम होईल? गुंतवणूकदाराला तोच आधी हवा असतो आणि त्यात गैर काही नाही. सेबीने बाजारमूल्याने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांवरचा अहवाल, सक्तीचा केला. आपले महत्त्वाचे विषय कोणते, त्यात जोखीम आहे की संधी, त्यावर काय करणार, हे त्यात लिहावं लागतं. तुमची कंपनी नोंदणीकृत नसली तरी तुमचं गिऱ्हाईक असेल, आणि त्याची प्रश्नावली उद्या तुमच्या टेबलावर येईल. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्याला परदेशी खरेदीदारांच्या अशा प्रश्नावल्या नव्या नाहीत.

तेव्हा दोन्ही बाजू पाहा: आपण लोकांचं काय करतो, आणि लोकांचे प्रश्न आपलं काय करतील. पण दोन्हींची सरासरी काढू नका. सल्लागार मंडळी एक चौकट आखून देतात, आडव्या रेघेवर कंपनीला महत्त्व, उभ्या रेघेवर समाजाला महत्त्व, आणि विषयांचे ठिपके. वर उजवीकडे आले ते निवडायचे. चित्र सुटसुटीत दिसतं, पण माणसाला भारी आणि कंपनीला आज स्वस्त असलेला विषय त्यात डावीकडे ढकलला जातो. प्लाचिमडाचं पाणी २००० साली अशाच जागी असतं. माणसाचं भरून न येणारं नुकसान होत असेल तर तो विषय निवडलेल्या यादीत आला, एवढा नियम आधीच करून घ्या.

विचारायचं कोणाला

बहुतेक कंपन्या यासाठी ईमेलने फॉर्म पाठवतात. तो अधिकारी भरतात, मोठे पुरवठादार भरतात, एखादी ओळखीची संस्था भरते. ज्याच्याकडे ईमेल आहे त्याचंच मत येतं. फडातल्या बाईला, प्रेसवरच्या पोराला, नाल्याकाठच्या शेतकऱ्याला समोर बसून विचारावं लागतं, आणि तेही नीट. मुकादमासमोर टोळी बोलत नाही. कॉन्ट्रॅक्टर दारात उभा असेल तर कामगार ‘सगळं चांगलं आहे’ म्हणतो. बायकांशी बाईनेच, वेगळं बसून बोलावं. ‘तुमच्या गरजा काय?’ असं विचारलं की लोक देणाऱ्याकडे पाहून उत्तर देतात आणि समाजमंदिर मागतात. त्याऐवजी व्यवहाराचे प्रश्न विचारा. पगार कुठल्या तारखेला हातात पडला? मागच्या वेळी लागलं तेव्हा दवाखान्यात कोणी नेलं, बिल कोणी दिलं? आजारी पडलात तर किती कापतात? सकाळी कुठे जाता?

लोकांना विचारलं तर ते नेमकं सांगतात, याचा आपल्याकडचा फार जुना दाखला आहे. १८८४ मध्ये मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन नारायण मेघाजी लोखंडे यांनी मागण्यांचं निवेदन तयार केलं. त्यावर ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या अशा: रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंतच, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जबर दुखापत झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय. गिरणी मालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य करायला १० जून १८९० उजाडावा लागला. त्या मागण्यांतली प्रत्येक बाब गिरणीच्या आत, मालकाच्या हातातली होती. आजच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये कंत्राटी कामगारांशी मोकळं बोलून पाहा. पगाराची तारीख आणि दुखापतीची भरपाई या दोन गोष्टी अजूनही वर येतील.

निवडून झाल्यावर

तीन, फार तर पाच विषय ठेवा. बाकीचे का सोडले ते एकेका ओळीत लिहून संचालक मंडळासमोर ठेवा. सोडल्याचं कारण लिहावं लागलं की माणूस जरा विचार करून सोडतो, आणि पुढच्या वर्षी ते कारण तपासता येतं.

मग थैल्यांकडे या. पॉवर प्रेसवरचे सेन्सर हा खरेदी विभागाचा विषय आहे: दर ठरवताना सुरक्षेचा खर्च धरा, आणि न सांगता जाऊन पुरवठादाराच्या शॉपमध्ये सेन्सर चालू आहेत का ते बघा. अवघड भाग हाच. गिऱ्हाईक दर वर्षी दर पाडून मागत असेल तर पुरवठादाराला सुरक्षेचं भाषण देऊन काही साधत नाही. साखरेच्या बाबतीत तोडणी-वाहतुकीच्या करारातच अटी घालता येतात. मजुरी थेट बाईच्या आणि पुरुषाच्या स्वतंत्र खात्यात, आजारपणाचा खाडा बंद, फडाजवळ पाणी आणि फिरते संडास, वजनाची पावती टोळीच्या हातात. हे सगळं धंद्याच्या खर्चातून करायचं.

दोन टक्क्यांचा पैसा मग कुठे? तोही त्याच विषयाला जोडा. आईबाप तोडणीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहं, कारखान्याच्या तळावरच्या साखरशाळा, बीड-धाराशिवच्या तालुक्यांतली स्त्रियांची आरोग्य तपासणी. प्रत्येक काम नियमात बसतं का ते मात्र कंपनी सेक्रेटरीकडून आधी तपासून घ्या. कायदा स्थानिक भागाला प्राधान्य द्यायला सांगतो, आणि स्थानिक म्हणजे कारखान्याभोवतीची दहा गावं असा अर्थ लावायची सवय आहे. परिणामी महाराष्ट्राकडे देशात सर्वाधिक सीएसआर निधी येऊनही त्याचा ओढा मुंबई-पुण्याकडे राहतो, आणि नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत असलेला धाराशिव मागे पडतो. माझ्या मते जिथून तुमचे कामाचे हात येतात तेही तुमचं गाव आहे.

मार्चची घाई कायद्याने लादलेली नाही, हेही लक्षात असू द्या. काम अनेक वर्षांचं असेल तर तसा ठराव करून उरलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या ‘अनस्पेंट’ खात्यात ठेवता येते आणि पुढच्या तीन वर्षांत त्याच कामावर खर्च करता येते. ज्यांची सीएसआर रक्कम ५० लाखांपर्यंत आहे त्यांना वेगळी समितीही लागत नाही, संचालक मंडळच निर्णय घेऊ शकतं.

संस्थांच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. कंपनीत गेल्यावर सीएसआर अधिकाऱ्याला भेटाच, पण खरेदी विभागाच्या प्रमुखाचीही वेळ मागा. तुमच्या गावातल्या माणसांशी कंपनीचा खरा व्यवहार त्याच्यामार्फत चालतो.

आणि साखर, गूळ, शीतपेय, मिठाई, औषधं, यांपैकी कशातही तुमची कंपनी असेल तर कामाला पावसाळ्यातच लागा. टोळ्यांना उचल तेव्हा वाटली जाते आणि तोडणीचे करार तेव्हाच होतात. एकदा दिवाळीनंतर कोयते फडात उतरले की त्या हंगामाच्या अटी बदलत नाहीत.